अढीतले टोमॅटो

टोमॅटो उन्हाने लाल होतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ऊन लागतं ते झाडाला, पानांत अन्न तयार करायला आणि फळात गोडी भरायला. फळ एकदा पुरतं भरलं, की पुढचं रंगाचं काम ते आपलं आपण करतं. त्यासाठी त्याला उजेडाची गरज नसते, ऊब लागते. भरलेला हिरवा टोमॅटो कपाटात, अंधारात ठेवला तरी लाल होतो. लख्ख उजेडात पण गारठ्यात ठेवला, तर आठवडेच्या आठवडे हिरवागार राहतो. ज्या वाचकांची मुलं-नातवंडं विलायतेत किंवा कॅनडात आहेत आणि त्यांनी हौसेने अंगणात चार रोपं लावली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सप्टेंबर महिन्यात तिकडून येणाऱ्या फोनवर प्रकृती, हवापाणी, नातवाची शाळा हे सगळं झालं की एक वाक्य हटकून येतं : ‘‘टोमॅटो लागलेत भरपूर, पण एकही लाल व्हायचं नाव घेत नाही.’’

माझं गाव माकणी. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच, म्हणून आसपासचे लोक त्याला सरळ ‘माकणीचं धरण’ म्हणतात. बाहेरच्या जगाला हा मुलूख कळला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने. किल्लारी, सास्तूर ही नावं तेव्हा पेपरांच्या पहिल्या पानावर आली. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीची, माळवदाची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे घरं बदलली. भिंती हलक्या झाल्या, वर पत्रा नाहीतर स्लॅब आला, आणि आमच्यासारख्यांनी घरामागे थोडी मोकळी जागा राखली. रात्री-अपरात्री धावत बाहेर पडता यावं, एवढाच तेव्हा हेतू होता. बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी संपवून मी गावी परतलो, तेव्हा त्या वीस बाय तीस फुटांच्या जागेचा पत्नीने ताबा घेतला. दहा-बारा टोमॅटो, चार वांगी, मिरची, कढीपत्ता, आळू. मी कादंबऱ्या लिहितो आणि ही काहीतरी उपयोगाचं करते, असं आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणतात. मी वाद घालत नाही.

माकणीला थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातले पाच-सहा आठवडे. दिवसा स्वेटर काढून ठेवावा लागतो, पण रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. पहाटे धरणाच्या पाण्यावरून धुकं येतं आणि परसातल्या पानांवरून नऊ वाजेपर्यंत थेंब गळत राहतात. टोमॅटोचा हिशेब असा आहे, की वीस ते पंचवीस अंश सेल्सिअसमध्ये तो सुखाने रंगतो. बारा-तेराच्या खाली लाल रंगद्रव्य, ज्याला लायकोपीन म्हणतात, तयार व्हायचं जवळजवळ थांबतं. गंमत म्हणजे तीस-बत्तीसच्या वर गेलं तरी ते थांबतं. तेवढ्या उष्णतेत पिवळं-केशरी रंगद्रव्य मात्र तयार होत राहतं, म्हणून एप्रिल-मेमधला आमच्याकडचा टोमॅटो नारिंगी दिसतो, देठाजवळ तर पिवळाच. बँकेत मी असे पुष्कळ अर्ज पाहिले. कागद कमी असले तरी अडायचे आणि जास्त असले तरी अडायचे.

डिसेंबरात आमच्या परसातले टोमॅटो अडतात ते रात्रीपुरते. दुपारी ऊन आलं की पुन्हा कामाला लागतात. दोन दिवसांचं काम चार दिवसांवर जातं, एवढंच. वेळा अमावस्येच्या, म्हणजे आमच्या भाषेत येळवशीच्या, आधी चार तरी लाल व्हावेत अशी घरातल्या बायकांची इच्छा असते. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचं अख्खं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे यांच्या पंगतीत लाल टोमॅटोची कोशिंबीर शोभून दिसते. नाही झाले लाल, तर हिरव्यांची चटणी होते. तेलावर परतलेले हिरवे टोमॅटो, मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ, हे सगळं तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं. हिरवा टोमॅटो हा आमच्याकडे पिकायचा राहिलेला टोमॅटो नसतो, ती एक स्वतंत्र भाजी आहे.

माझी आजी मात्र टोमॅटो हिरवाही खात नसे आणि लालही. लाल टोमॅटोचा रस तिला रक्तासारखा वाटे. त्या पिढीत अशी माणसं पुष्कळ होती. बंगालीत तर टोमॅटोचं जुनं नावच ‘विलायती वांगं’ अशा अर्थाचं आहे. पण विलायतेतही त्याचं स्वागत झालं होतं असं नाही. अमेरिका खंडातून स्पेनमार्गे तो युरोपात आला तेव्हा धोतऱ्याच्या कुळातला म्हणून लोक त्याला बिचकत. इंग्लंडात जॉन जेरार्डने १५९७ साली वनस्पतींवर मोठा ग्रंथ छापला, त्यातही टोमॅटोबद्दल त्याचं मत वाईटच आहे. थंड देशात तो नीट पिकतच नसणार, मग मत चांगलं कुठून होणार, असं मला परवापरवापर्यंत गमतीने वाटत असे. एडिंबरोला जाऊन आल्यापासून ते गंभीरपणे वाटतं.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलीकडे एडिंबरोला गेलो. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला, नातू सात वर्षांचा. घरामागे आमच्या परसाच्या निम्मी जागा. दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवून सहा कुंड्या ठेवलेल्या. बिया मार्चमध्ये खिडकीच्या आत पेरलेल्या, रोपं मेअखेर धुकं-दहिवराची भीती संपल्यावर बाहेर काढलेली. पत्नीच्या मनात इथून गावरान बी न्यायचं होतं, पण तिकडच्या कायद्याने रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय बियाणं नेता येत नाही. म्हणून तिथलीच जात लावली होती. तिचं नाव ‘एल्सा क्रेग’. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्रात उभा असलेला एक खडकाळ डोंगर आहे, त्याचं हे नाव.

उजेडाची तिकडे कमतरता नाही. एडिंबरो छपन्न अक्षांशावर आहे, माकणी अठरावर. जूनमध्ये रात्री दहालाही तिथे पुस्तक वाचता येतं. झाडं त्या उजेडावर पोसली, पिवळी फुलं आली, जुलैत फळं धरली. ऑगस्टमध्ये फळांचे घोस असे दिसत होते, की माझा भाऊ पाहता तर खूश झाला असता. पण तिथलं भर उन्हाळ्यातलं दुपारचं सरासरी तापमान एकोणीस अंशांच्या आसपास, रात्रीचं अकरा. म्हणजे आमच्या डिसेंबरातल्या सकाळी नऊच्या हवेत त्या झाडांनी आपला सगळा उन्हाळा काढायचा! त्यातून २०२४ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये २०१५ नंतरचा सर्वांत थंड ठरला. फुलापासून लाल फळापर्यंत आमच्याकडे पन्नास-एक दिवस लागतात. तिकडे सत्तर, ऐंशी झाले तरी रंगाचा पत्ता नाही.

नातवाने एक वही केली होती. त्यात रोजचा आकडा आणि रंग. आकडा वाढत वाढत त्रेसष्टवर गेला. रंगाच्या रकान्यात ‘हिरवा’, ‘हिरवा’, ‘हिरवा’. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू झाली. आपल्या घरचा टोमॅटो वर्गात नेऊन दाखवीन, असं त्याने बाईंना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे रोज दुपारी दप्तर टाकलं की तो आधी मागच्या दाराकडे जायचा. ‘‘आबा, आज?’’ एवढंच विचारायचा. तिकडच्या मुलांची मराठी छोटी असते, पण त्या दोन शब्दांत सगळं यायचं.

शेजारी एक निवृत्त बाई राहत. त्यांच्याकडे काचेचं छोटं घर होतं आणि त्यात टोमॅटो लाल झालेही होते. त्यांनी आम्हांला क्लाइड नदीच्या खोऱ्याबद्दल सांगितलं. ग्लासगोच्या वरच्या अंगाला, लॅनार्कशायरमध्ये, एकेकाळी मैलोगणती काचघरं होती. कोळसा जाळून ती उबदार ठेवत आणि तिथला टोमॅटो साऱ्या स्कॉटलंडात नावाजलेला होता. पुढे बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, १९७० नंतरच्या दशकात इंधन महागलं, आणि एकेक काचघर बंद पडलं. म्हणजे त्या देशात लाल टोमॅटो हा कोळशाचा पदार्थ होता. आइसलँडमध्ये आज तो जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचा पदार्थ आहे. सूर्याने नाही दिलं, तर ऊब कुठून तरी विकत आणावीच लागते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि पानांवर काळे-तपकिरी डाग दिसू लागले. ते पत्नीने माझ्याआधी ओळखले. करपा. आमच्याकडे ढगाळ हवेत टोमॅटोवर आणि बटाट्यावर येतो तोच. १८४५ नंतर आयर्लंडात बटाटा नासून जो भीषण दुष्काळ पडला, तोही याच रोगाने. आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. आठवडाभरात फळंही नासली असती.

हिने दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी फळं उतरवली आणि स्वयंपाकघरात पसरून बसली. मग आंब्यांची निवड करावी तशी निवड सुरू झाली. जून कुठला, कोवळा कुठला. आंबा कोवळा उतरवला तर अढीत सुरकुततो, पिकत नाही. जून असेल तर हिरवा दिसला तरी पिकतो. हे ज्ञान हिला माहेरच्या आमराईतलं. टोमॅटोला ते लावून पाहायची माकणीत कधी वेळच आली नव्हती. एक फळ तिने आडवं चिरलं. सुरीखाली बिया कापल्या गेल्या. म्हणजे कोवळं. दुसरं चिरलं, त्यात बियांभोवती बुळबुळीत गर धरलेला होता आणि बिया सुरीखालून निसटल्या. म्हणजे जून. त्या दोन्हींच्या रंगावरून, चकाकीवरून आणि हातातल्या वजनावरून बाकीची निवडली. चिरलेलं ते एक धरून एकेचाळीस जून निघाले, उरलेले बावीस कोवळे. बुटांच्या तीन खोक्यांत वर्तमानपत्राचे कागद घालून, फळाला फळ न लावता, जून टोमॅटोंचे थर रचले. प्रत्येक खोक्यात एक पिकलेलं केळं ठेवलं, आणि ती खोकी गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात सरकवली. तिकडच्या घरांत असं एक उबदार कपाट असतं, त्यात टॉवेल ठेवतात. टॉवेल बाहेर आले.

मुलगी कामावरून आल्यावर म्हणाली, ‘‘आई, ही अढी आहे की काय?’’

अढीच होती. आंब्याच्या अढीत आपण गवत किंवा पेंढा घालतो तो काही फळाला मऊ वाटावं म्हणून नव्हे. फळं श्वास घेतात, त्यांची ऊब गवतात कोंडते, आणि पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो तोही आत राहतो. हा वायू म्हणजे इथिलीन. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव या तरुण संशोधकाने दिव्यांच्या गॅसमधला हा वायू रोपांची वाढ बिघडवतो, हे दाखवलं. आणि फळं हा वायू स्वतः तयार करतात, हे १९३४ मध्ये इंग्लंडात रिचर्ड गेनने सफरचंदांवर सिद्ध केलं. आपल्या आज्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. एक पिकला की शेजारचे पिकतात, एवढं माहीत होतं. बाजारातली मंडळी घाई म्हणून कॅल्शियम कार्बाइड वापरत. त्यातून निघणारा वायू इथिलीनसारखंच काम करतो, पण त्यात आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून कायद्याने त्यावर बंदी आहे. २०१६ पासून आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरावीक प्रमाणात इथिलीन वायूच वापरायला परवानगी दिली.

आठव्या दिवशी एका टोमॅटोच्या बुडाशी फिकट गुलाबी छटा आली. अमेरिकन बाजाराच्या प्रतवारीत या अवस्थेला ‘ब्रेकर’ म्हणतात, हिरव्यापासून लालपर्यंतच्या सहा पायऱ्यांतली ती दुसरी. पत्नी म्हणाली, ‘‘पाड लागला.’’ मला तिचा शब्द जास्त आवडला. पुढच्या चार दिवसांत नातवाच्या वहीत पहिल्यांदा रंग बदलला आणि टोमॅटो डब्यात बसून शाळेत गेला. परत आला तो अर्धाच. अर्धा वर्गात वाटला म्हणे.

चवीबद्दल खोटं बोलत नाही. झाडावर उन्हात पिकलेल्या फळाची गोडी त्याला नव्हती. ती गोडी पानांकडून येते आणि पानं तर आम्ही सोडून आलो होतो. पण वास होता. वास राहावा म्हणून एक पथ्य पाळायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पाच अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतले वास तयार करणारे जनुक मंदावतात, आणि बाहेर काढल्यावरही ते पूर्ववत होत नाहीत. आम्ही सार केलं. गूळ थोडा जास्त घातला.

कोवळ्या बावीसांची चटणी झाली. तिकडे खलबत्ता नव्हता, तव्यावर रगडायला तांब्या नव्हता, एक जाड बुडाचा स्टीलचा पेला होता. वाटीभर शेजारी पाठवली. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांची हिरव्या टोमॅटोची चटणी पाठवली. सफरचंद, कांदा, बेदाणे, साखर, व्हिनेगर घालून तासभर शिजवलेली, बरणीत बंद. नाव तेच, आपल्याकडून गेलेलं. पदार्थाची मात्र ओळख लागणार नाही. ती वर्षभर टिकते, आमची दुसऱ्या दिवशी आंबते. हिवाळा लांबचा असला की माणसं तशीच चटणी करणार.

ऑक्टोबरअखेर आम्ही परत आलो, आणि या लेखाला खरं तर इथून कारण आहे.

माझ्या धाकट्या भावाने त्या वर्षी एक एकर टोमॅटो लावला होता. सप्टेंबरअखेर लागण. हायब्रीड रोपं नर्सरीतून आणलेली, ठिबक, मल्चिंगचा कागद, बांबू, तार, सुतळी, बांधणीची मजुरी. पीककर्ज होतंच, वर दुकानदाराची उधारी. हिशेब असा, की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला तोडा, मग दर चार-पाच दिवसांनी एक, फेब्रुवारीपर्यंत. माल थोडा थोडा निघाला की भावाची सरासरी सापडते. डिसेंबरच्या मध्याला मराठवाड्यात थंडीची लाट आली. फळं भरलेली, चकाकणारी, आणि हिरवी. भाऊ सकाळ-संध्याकाळ वाफ्यांतून फिरायचा. त्याला त्याच्या वयाचं कोणी ‘आबा, आज?’ विचारणारं नव्हतं. दुकानदाराचा फोन मात्र यायचा. दुकानदार ‘कलरचं औषध’ही सुचवायचा. ते म्हणजे इथेफॉन, फवारल्यावर त्यातून इथिलीन सुटतं. ‘‘दादा, एवढ्या थंडीत फवारून पानं पिवळी पडतील, फळ तसंच राहील,’’ भाऊ म्हणाला. त्याने फवारलं नाही. तीस डिसेंबरला येळवस होती. त्याच्याच शेतात आम्ही जेवलो. एकरभर टोमॅटोच्या मधोमध बसून हिरव्या टोमॅटोची चटणी खाल्ली.

संक्रांतीनंतर हवा उबली. आणि मग जे चार तोडे महिनाभर यायचे, ते दहा दिवसांत आले. गारठ्यात अडलेली फळं वयाने सारखीच झालेली असतात, ऊब मिळाली की एकदम रंगतात. आमच्या एकट्याच्याच शेतात नव्हे, ज्याचं त्याचं असंच. सगळ्यांची कॅरेटं एकाच आठवड्यात बाजारात. भावाच्या पहिल्या पट्टीत पंचवीस किलोच्या कॅरेटला दोनशे चाळीस रुपये होते, चौथ्या पट्टीत नव्वद. त्यातून हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं. मी पट्ट्या मांडून हिशेब करायला बसलो. भाऊ म्हणाला, ‘‘तुमच्या बँकेचं नका सांगू.’’

सांगण्यासारखं खरं तर थोडंच आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, आणि वेळेवर फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत. ‘वेळेवर’ हा शब्द मी छत्तीस वर्षं शेतकऱ्यांना समजावून सांगितला. मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर. त्यात कुठल्याही रकान्यात तापमान लिहायची सोय नाही. मुलीच्या घरी त्रेसष्ट टोमॅटोंची वाट पाहणं ही आमची करमणूक होती. भावाकडे तीच वाट पाहण्यावर दिवसाला व्याज चढत होतं. दोन्हीकडे कारण एकच, बारा अंशांखालची रात्र.

२०२३ साली याच टोमॅटोने देशाला काय काय दाखवलं ते वाचक विसरले नसतील. मे महिन्यात शेतकरी रस्त्यावर ओतत होते. जुलैत शहरांत किलोला दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागले, सरकारने दिल्लीत नव्वद रुपयांनी विकायला गाड्या लावल्या आणि नेपाळहून माल मागवला. लोक म्हणतात, शेतकऱ्याने साठवावा. टोमॅटो साठवायचा कुठे? शीतगृह फार थंड झालं की तो बिघडतो, उबदार ठेवला की पिकतो. बारा-तेरा अंशांवर, हिरवा-जून असताना, दोन-तीन आठवडे थोपवता येतो, ते बरोबर त्या तापमानाची खोली जवळपास असेल तर. आमच्या तालुक्यात कांद्याच्या चाळी आहेत, धान्याची गोदामं आहेत, अशी खोली माझ्या पाहण्यात नाही. गावातल्या चार-सहा जणांनी मिळून एक बांधली, तर त्या वेळच्या चार तोड्यांचे निदान दोन करून विकता आले असते. हे मी भावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. कर्ज कोण देईल, असं विचारलं. मी त्याला अर्जाचे कागद काढून देतो म्हणालो. ते काढूनही दिले. सहा जणांपैकी तिघांनी सह्या केल्या आहेत.

यंदा भावाने टोमॅटो अर्ध्या एकरावर आणला आणि उरलेल्यात हरभरा पेरला. लागण मात्र तीन टप्प्यांत केली, बारा-बारा दिवसांच्या अंतराने, म्हणजे थंडीने अडवलं तरी सगळी फळं एका वयाची नसतील. पत्नीने परसात आपली दहा रोपं लावली आहेत. नातवाने फोनवर ती मोजून घेतली. या महिन्यात त्याच्या मागच्या दाराबाहेर दहिवर आहे आणि कुंड्या रिकाम्या आहेत, त्यामुळे वही आता आमच्या झाडांची चालू आहे. रविवारी त्याला आकडा कळवावा लागतो. मागच्या रविवारी चौतीस होते, दोघांना पाड लागलेला.